झिरी बुजवल्याला दहा महिने झाले: पीओपी, पुट्टी, सिमेंट आणि चुना

गेल्या दिवाळीनंतर आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराचं वायरिंग नवं केलं. आधीचं सगळं लाकडी पट्ट्यांवरून उघडं गेलेलं होतं. वायरमनने पाच दिवसांत काम उरकलं आणि मागे ठेवल्या त्या भिंती: वायरचे पाइप भिंतीत लपवायला छतापासून प्रत्येक बोर्डापर्यंत खोदलेली दीड-दोन इंच रुंद झिरी, बोर्डांभोवती उंदराने कुरतडल्यासारखी भगदाडं, आणि जुन्या पट्ट्यांच्या लाकडी गुल्ल्या उपटल्या तिथे खड्डे. आई म्हणाली, ‘वीज नव्हती तेव्हा घर बरं दिसत होतं.’

घराचा पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, विटा-चुन्याचा. मागच्या दोन खोल्या नंतर सिमेंटमध्ये वाढवलेल्या. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे, आणि काम सुरू केलं तेव्हा मला ते कळत नव्हतं.

बैठकीतल्या झिऱ्यांत पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) भरलं. मिस्त्री म्हणाला, ‘भिया, पीओपी भर देते हैं, शाम तक चकाचक.’ खोटं बोलला नाही तो. दहा-पंधरा मिनिटांत माल धरतो, आकसत नाही, उलट जमताना किंचित फुगतो, त्यामुळे कडेला फट राहत नाही. मे महिन्यापर्यंत मी येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत दाखवत होतो. जुलैत पाऊस लागून राहिला आणि बाहेरच्या बाजूची भिंत ओल ओढू लागली. आतल्या भिंतीवरचं पीओपी आजही ठणठणीत आहे, पण ओल्या भिंतीवरचं पिठासारखं मऊ पडलं, नख लावलं तर खाली येतं. त्याहून वाईट म्हणजे बोर्डाचे लोखंडी बॉक्सही पीओपीनेच बसवले होते. ओलं पीओपी लोखंडाला गंज चढवतं. दोन बोर्डांभोवती तपकिरी डाग फुटलेत. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्समच, पाण्याशी त्याचं फार दिवस जमत नाही.

पुट्टीबद्दल थोडक्यात. गुल्ल्यांचे खड्डे मी स्वतः नुसत्या पुट्टीने भरले आणि सगळे आक्रसून मधोमध तडकले. चूक माझी. पिशवीवर छापलेलं असतं की दोन हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. मी इंचभर भरली होती. पुट्टी भोक बुजवायला नसतेच, भिंत गुळगुळीत करायला असते.

मागच्या खोल्यांत सिमेंट वापरलं: एक भाग सिमेंट, चार भाग नर्मदेची वाळू, चाळून. इथे आम्ही घाई केली नाही. पाइप खिळ्यांनी घट्ट धरला, झिरीतली धूळ ब्रशने काढली, विटा पाणी मारून मारून भिजवल्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सिमेंट कच्चं राहतं. कडेचा गिलावा दोन-दोन इंच खरवडून वरून चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, ठोकली. पहिला थर भिंतीपेक्षा थोडा आत ठेवून खरबडीत सोडला, दुसऱ्या दिवशी दुसरा थर, मग सात दिवस पाणी. (पाणी मारताना मेन बंद ठेवा आणि बॉक्समध्ये आधी वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.) रंग महिन्याभराने दिला. दहा महिन्यांत एक केसाइतकी रेघ, तीही जिथे जाळी संपली तिथे. या खोल्यांपुरते पैकीच्या पैकी गुण.

तेच सिमेंट, तोच मिस्त्री, तीच जाळी पुढच्या, चुन्याच्या भागातल्या माजघरात वापरली आणि फसलो. पट्टा दगडासारखा टणक आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना जुना गिलावा सुटलाय, टिचकी मारली की पोकळ वाजतो. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जुनं घर तिच्याबरोबर थोडं हलतं. चुन्याचा गिलावा ते हलणं सोसतो. सिमेंटचा ताठ पट्टा सोसत नाही आणि शेजाऱ्याला ढकलतो. शिवाय भिंतीतली ओल सिमेंटमधून सहज बाहेर पडत नाही, म्हणून बाजूच्या चुन्यात शिरते.

देवघरात चुना वापरला तो आईच्या हट्टाने. त्यासाठी सियागंज बाजारात दोन चकरा झाल्या. विझवून मुरवलेला चुना, तीन भाग वाळू, त्यात मूठ-मूठ सुर्खी, म्हणजे विटेची भुकटी. मिस्त्रीला हे काम नको होतं. माल पहिले काही दिवस बोटाने दबतो, लवकर सुकू नये म्हणून ओलं गोणपाट लटकवायचं, पातळ थर द्यायचा, थांबायचं, पुन्हा द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कडक होतो, त्याला तुमच्या दिवाळीच्या तारखेशी देणंघेणं नसतं. पंधरा दिवस देव स्वयंपाकघरात होते. पण याच खोलीची बाहेरची भिंत बैठकीइतकीच ओली होते, आणि इथे झिरी कुठे होती ते मला आता फोटो बघून शोधावं लागतं.

फोटोंचंही सांगतो. झिऱ्या उघड्या असताना मापाचा टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढला होता. घड्याळासाठी खिळा ठोकताना त्या फोटोने एकदा पाइप वाचवला.

आता बैठकीतल्या ओल्या भिंतीचं पीओपी खरवडायला घेतलंय, गंजलेले बॉक्स बदलतोय. मिस्त्री तोच आहे. परवा त्यानेच विचारलं, ‘भिया, वो चूना कहाँ से लाए थे?’