२३५/७५ आर १५ एक्स्ट्रा लोड: भार वाहणाऱ्या युटिलिटी गाडीसाठी एक माप मोठा टायर

मागे कायम वजन असणाऱ्या युटिलिटी गाडीला मूळच्या २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ मापाचे, एक्स्ट्रा लोड प्रकारचे, म्हणजे जास्त दाबाची हवा भरून जास्त भार पेलणारे टायर बसवून वापरल्यानंतरचे हे परीक्षण आहे. मापातला पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि शेवटचा रिमचा इंचांतला व्यास सांगतो. टायर माझ्या पसंतीस उतरले आहेत. मात्र त्यांची वाढीव क्षमता हवेच्या दाबावर किती अवलंबून आहे, हे खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी सांगते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

टायरच्या भिंतीवर मापानंतर जो आकडा असतो, तो लोड इंडेक्स, म्हणजे टायर जास्तीत जास्त किती भार पेलतो याचा सांकेतिक आकडा. मूळ टायरचा लोड इंडेक्स १०० होता, म्हणजे एका टायरला ८०० किलो. नव्या टायरचा १०९ आहे, म्हणजे १,०३० किलो. मागच्या दोन चाकांचा हिशेब केला तर १,६०० किलोंचे २,०६० किलो होतात. ही वाढ सगळी मोठ्या मापामुळे आली असे वाटू शकते, पण तसे नाही. याच २३५/७५ आर १५ मापाच्या साध्या टायरचा लोड इंडेक्स १०५ असतो, म्हणजे ९२५ किलो. ८०० ते ९२५ हा टप्पा मापाचा आहे, कारण मोठ्या टायरमध्ये हवा जास्त मावते आणि गाडीचे वजन मुख्यतः ती कोंडलेली हवाच पेलत असते. ९२५ पासून १,०३० पर्यंतचा टप्पा मात्र दाबाचा आहे. साध्या टायरची कमाल क्षमता साधारण ३६ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाबाला धरतात, एक्स्ट्रा लोडची साधारण ४२ पीएसआयला. एक्स्ट्रा लोडचा टायर घेऊन त्यात ३६ पीएसआयच हवा ठेवली, तर तो साध्या टायरइतकाच भार पेलतो आणि जास्तीचे पैसे वाया जातात. गाडीच्या दारावरील पट्टीत दिलेला दाब जुन्या मापासाठी असल्यामुळे नव्या मापासाठी टायर कंपनीचा भार आणि दाब यांचा तक्ता मागून घ्यावा, आणि हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी.

योग्य दाब ठेवल्यावर फरक स्पष्ट जाणवतो. पूर्ण भार असताना मागच्या टायरची भिंत पूर्वीइतकी फुगत नाही, आणि वळणावर गाडी बाजूला कलंडल्यासारखी वाटायची ते बरेच कमी झाले आहे. भिंत कमी वाकते म्हणून टायर कमी तापतो, आणि भारवाहू टायरच्या आयुष्याचा शत्रू उष्णताच आहे. रिकामी गाडी मात्र खराब रस्त्यावर मागून उसळते. भार नसताना तक्त्याप्रमाणे दाब उतरवला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, पण पुन्हा माल भरण्याआधी हवा आठवणीने भरावी लागते.

टायर बदलल्याने गाडीची परवानगी असलेली क्षमता मात्र एका किलोनेही वाढत नाही. एक्सल, पाटे, बेअरिंग, ब्रेक आणि रिम जुनेच असतात, आणि गाडीच्या पाटीवरील एकूण वजनाची मर्यादा तीच राहते. या टायरांचा खरा उपयोग असा की, त्याच मर्यादेत राहून टायर आपल्या टोकाच्या क्षमतेवर चालत नाहीत. जास्त माल भरण्याच्या हेतूने कोणी हे माप निवडणार असेल, तर मी त्याला ठामपणे नको म्हणेन.

नव्या टायरचा व्यास ७०३ मिलिमीटरवरून ७३३ मिलिमीटरवर जातो, म्हणजे सुमारे चार टक्के वाढ. त्यामुळे स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास धावत असते. चढावर तेवढीच ओढ कमी पडते आणि ब्रेकला तेवढेच जास्त काम पडते. सपाटीवर हे लक्षातही येत नाही, पण भार घेऊन घाट चढणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

बसवण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर मडफ्लॅपला किंवा चासिसला घासत नाही ना, हे पाहावे, आणि तेही गाडीत वजन ठेवून. रिमची रुंदी नव्या मापाला चालते का आणि रिमला वाढीव दाब सोसतो का, हे दोन्ही विचारावे.

याच मापात एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचा टायरही मिळतो. त्याच्या सहा प्लाय दर्जाच्या (प्लाय दर्जा म्हणजे टायरच्या मजबुतीची श्रेणी) प्रकारावर १०४/१०१ असा आकडा असतो: एकेरी चाकाला ९०० किलो, जोडचाकात, म्हणजे एका बाजूला दोन चाके शेजारी शेजारी असतील तर, प्रत्येकी ८२५, आणि तेही ५० पीएसआयला. म्हणजे नुसत्या भाराच्या दृष्टीने तो एक्स्ट्रा लोडपेक्षा कमीच ठरतो. त्याचा गुण जाड भिंतीत आणि कापले जाण्याला होणाऱ्या विरोधात आहे, म्हणून दगडधोंड्यांच्या वाटेवर मी तोच घेईन. पक्क्या रस्त्यावर भार वाहायचा असेल तर एक्स्ट्रा लोड.

शेवटी खर्चाचा हिशेब चार नव्हे, पाच टायरांचा धरावा. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर घातले, तर पकड असलेल्या रस्त्यावर ट्रान्सफर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो, म्हणून स्टेपनीसुद्धा त्याच मापाची घ्यावी, आणि ती तिच्या जागेत मावते का हे मोजूनच मागणी नोंदवावी.