जुन्या मर्सिडीजच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी यूव्ही डाय किट: घ्यावं का?

परीक्षण आहे बाजारात सर्रास मिळणाऱ्या लीकेज शोधायच्या किटचं: ३० मिलीच्या डायच्या (तेलात मिसळला की यूव्ही, म्हणजे अतिनील, उजेडात चमकणारा रंग) दोन-तीन बाटल्या, एक जांभळ्या उजेडाचा टॉर्च आणि पिवळ्या काचेचा चष्मा. गाडी धरली आहे डब्ल्यू १२३ मालिकेतली, ७२२.३ गिअरबॉक्सवाली. १९९५ पासून पुण्यात जुळवल्या गेलेल्या डब्ल्यू १२४ पैकी ज्या ऑटोमॅटिक आहेत, त्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. कोणता गिअरबॉक्स आहे याची खात्री नसेल तर पॅनच्या (गिअरबॉक्सच्या तळाला असलेल्या तेलाच्या भांड्याच्या) जरा वर, डाव्या बाजूला बॉडीवर नंबर ठोकलेला असतो. तो पुसून वाचा.

आधी निकाल सांगतो. पॅनचं पॅकिंग गळतंय का, एवढंच बघायचं असेल तर किटची गरज नाही; पुठ्ठा आणि टाल्कम पावडर पुरते. किटचे पैसे वसूल होतात ते एकाच ठिकाणी. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथल्या कवचाच्या) तळातून तेल टपकत असतं, मिस्त्री "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" म्हणतो, आणि ते खरं आहे का हे ठरवायचं असतं. त्या मजुरीपुढे किटची किंमत किरकोळ आहे.

गोंधळ होतो तो असा. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लाल असतं, पण जुनं झालं की तपकिरी पडतं आणि मग पेट्रोल गाडीच्या इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू येत नाही. डिझेल गाडीत सोपं असतं, इंजिन ऑइल काळंकुट्ट असतं. उलट लाल थेंब दिसला म्हणजे तो गिअरबॉक्सचाच, असंही नाही. या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही एटीएफच असतं, आणि स्टिअरिंग बॉक्समधून झिरपलेलं तेल वाऱ्याने मागे जात थेट गिअरबॉक्सच्या पॅनवर येऊन बसतं. डायचा खरा फायदा इथे आहे. तो फक्त गिअरबॉक्समध्ये टाकायचा. चमकलं तर गिअरबॉक्स, नाही चमकलं तर दुसरीकडे बघा.

विकत घेताना बाटलीवरचं लेबल नीट वाचा, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा एसीचा डाय असतो. तो एसीच्या कॉम्प्रेसरच्या तेलासाठी बनवलेला असतो आणि गिअरबॉक्समध्ये त्याचं काही काम नाही. "एटीएफ, इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल" असं स्पष्ट लिहिलेला, तेलात विरघळणारा डायच घ्या. प्रमाणही लेबलवर असतं. ३० मिली चार लिटरला असं लिहिलं असेल तर या गिअरबॉक्सला, टॉर्क कन्व्हर्टरसकट (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) साधारण सहा-सात लिटर तेल धरून, दीड बाटली पुरते. जास्त ओतून जास्त चमकत नाही.

टॉर्चमध्ये तरंगलांबी बघा. ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च स्वस्त असतो, पण त्याचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पसरतो की फिकी चमक त्यात हरवते. ३६५ चा, काळ्या फिल्टरचा असेल तर फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. किटमधला टॉर्च बहुधा कामचलाऊच निघतो. डाय चांगला असेल तर टॉर्च वेगळा घ्यायला हरकत नाही. चष्मा मात्र लावाच. त्याने जांभळा उजेड कापला जातो आणि हिरवट-पिवळी चमक उठून दिसते.

डाय टाकण्याआधी लेव्हल तपासा, आणि हे काम घाईत उरकू नका. जुन्या गाडीची अर्धी गळती जास्त भरलेल्या तेलाची असते. डिपस्टिकच्या (तेल मोजायच्या पट्टीच्या) टोपीवरची कळ उचलून ती बाहेर काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पुन्हा घालून वाचा. गाडी सपाटीवर, इंजिन आयडलला, लिव्हर पी मध्ये, तेल पूर्ण गरम, म्हणजे सुमारे ८० अंशांवर. किमान आणि कमाल खुणांमधलं अंतर जेमतेम ०.३ लिटरचं आहे. "थोडं टॉप-अप करतो" म्हणून अर्धा लिटर ओतला की फेस होतो आणि तेल ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवा सोडायच्या भोकातून) बाहेर पडतं. मग सील बदलून काही उपयोग नाही. इंजिन बंद असताना वाचलेली लेव्हल तर मोजूच नका. कन्व्हर्टरमधलं तेल पॅनमध्ये उतरलेलं असतं, त्यामुळे ती वाढलेलीच दिसते.

याच कारणाने महिनाभर उभी राहिलेली गाडी जास्त गळते. कन्व्हर्टर रिकामा होत जातो, पॅनमधली पातळी चढते आणि एरवी तेलाच्या वर असणारं गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील तेलात बुडतं. रोज चालणाऱ्या गाडीत कोरडं दिसणारं सील इथे टपकायला लागतं. म्हणून थेंब गाडी उभी असताना पडतो की चालवून आल्यावर, हे आधी लिहून ठेवा. तपासाची निम्मी दिशा त्यावरून ठरते.

आता धुलाई. गाडी जॅकवर नाही, चार पक्क्या स्टँडवर किंवा खड्ड्यावर घ्या. रॉकेल किंवा डिग्रीझरने पॅन, बेल हाउसिंगचा तळ, गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या, मागचं टोक असं सगळं घासून घ्या आणि शेवटी ब्रेक क्लीनर मारून कोरडं करा. प्रेशरचं पाणी ब्रीदरवर आणि किकडाउन सोलेनॉइडच्या (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणाऱ्या विजेच्या झडपेच्या) कनेक्टरवर मारू नका. साफसफाई अर्धवट राहिली तर पुढे दिसणाऱ्या चमकेला काही अर्थ उरत नाही.

डाय आधी वाटीभर एटीएफमध्ये मिसळा आणि लांब नळीच्या नरसाळ्याने डिपस्टिकच्या ट्यूबमधून ओता. एक थेंब बाहेर सांडला तरी तो खाली ओघळून सगळी तपासणी बिघडवतो, म्हणून ट्यूबच्या तोंडाभोवती फडकं गुंडाळा आणि नंतर तो भाग टॉर्चने एकदा बघून पुसून टाका. लेव्हल कमाल खुणेवर असेल तर तेवढंच तेल आधी काढून घ्या. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा आणि गाडी १५-२० किलोमीटर चालवून आणा.

पहिली पाहणी आल्या आल्या करा, दुसरी दुसऱ्या दिवशी. अंधारात. चमकतंय म्हणून लगेच बोट ठेवू नका. हिरव्या कूलंटला स्वतःची चमक असते, आणि डिटर्जंटने धुतलेल्या फडक्याचे धागे निळसर-पांढरे लखलखतात. डायचा रंग पिवळट-हिरवा असतो. एक थेंब कागदावर ठेवून टॉर्चखाली आधीच बघून घेतला तर ओळखायला सोपं जातं. खाली ओघळतं आणि मागे उडतं, हा तेलाचा स्वभाव. म्हणून चमकेचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ठिपका शोधायचा. जास्त चमकणारी जागा बहुतेकदा नुसती साठण्याची जागा असते.

कुठे काय दिसतं ते सांगतो. पॅनच्या कडेने रेघ दिसली तर पॅकिंग. इथे बोल्ट आवळत सुटू नका. ८ न्यूटन मीटरच्या वर गेलात की रबर दबून बाहेर येतं, पॅनची कड वाकते आणि गळती वाढते. डिपस्टिकची ट्यूब जिथे गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे चमकलं तर ओ-रिंग. पॅनवर वरून ओघळणाऱ्या तेलाचा उगम बऱ्याचदा इथेच निघतो. कूलरच्या नळ्यांमध्ये रबर होज जिथे धातूला क्रिम्प केलाय (दाबून बसवलाय) तो सांधा बघा, इंजिन चालू असताना बघा, कारण दाब असल्याशिवाय तो गळतच नाही. मागे प्रोपेलर शाफ्टच्या रबर डिस्कच्या वर, बॉडीच्या बोगद्यात गोल कड्यासारखा चमकता पट्टा उमटला असेल तर मागचं सील गेलंय. शाफ्ट फिरताना तेल भिरकावतो म्हणून तो गोल येतो.

आणि बेल हाउसिंग. तळाच्या जाळीतून टॉर्च आत टाका. आत थेंब आहे पण चमक नाही, तर ते इंजिनचं मागचं सील. ६१६ आणि ६१७ डिझेल इंजिनांत ते दोरीचं असतं आणि वयानुसार झिरपतंच. आत चमक आहे, तर लगेच गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या पुढच्या सीलवर शिक्कामोर्तब करू नका. याच जाळीतून कन्व्हर्टरचा ड्रेन प्लग हाताला लागतो. क्रँकच्या बोल्टला २७ चा सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवा, प्लग समोर येईल. त्याचा वॉशर दमला असेल तर गळती हुबेहूब पुढच्या सीलसारखी दिसते. ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने प्लग काढा (बादली खाली हवीच, कन्व्हर्टर मोकळा होतो), नवा वॉशर घाला, १४ न्यूटन मीटरला बसवा, तेल भरा आणि पुन्हा तपासा. गेलेल्या तेलाबरोबर डायही गेलाय, म्हणून उरलेल्या बाटलीतून थोडा टाका. एवढं करूनही जाळीत चमक आली तरच गिअरबॉक्स खाली घ्या. उतरवलाच तर सीलबरोबर पंपाचा बुशही मोजून घ्या. तो घासलेला असेल तर नवं सीलही टिकत नाही.

किटचा एक आंधळा कोपराही आहे. लेव्हल उतरतेय, खाली एक थेंब नाही, टॉर्चलाही काही दिसत नाही. अशा वेळी व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्समधला तेलाचा दाब ठरवणाऱ्या डबीची) नळी ओढून काढा. नळीत तेल असेल तर आतला पडदा फाटलाय. पेट्रोल गाडीत ते तेल इंजिन ओढून जाळतं आणि सायलेन्सरमधून धूर येतो. दुसरी शक्यता रेडिएटरमधल्या कूलरची. रेडिएटरचं झाकण गाडी थंड असताना उघडून बघा, पाण्यावर गुलाबी साय असेल तर गाडी तिथेच थांबवा.

"लीक स्टॉप"ची बाटली किटबरोबर फुकट मिळाली तर ती बाजूला ठेवा. ती कडक झालेलं रबर फुगवते, थोडे दिवस गळती थांबते, आणि नेमकं कोणतं सील गेलंय हे कळायचं राहून जातं.

दुरुस्तीनंतर जुनी चमक क्लीनरने पूर्ण पुसा, २०० किलोमीटर चालवा आणि परत अंधारात बघा. डाय पुढच्या तेल बदलापर्यंत आतच राहतो, त्यामुळे तोवर नुसत्या टॉर्चवर काम भागतं.