आठवड्याचे चार तास: बुद्धिबळात पुढं जायचं तर ते कशाला द्यावेत?

शहाद्याला दुकान असो, जळगावात नोकरी असो की रावेरकडे केळीची बाग, कामधंदा आणि लग्नसराई सांभाळून बुद्धिबळाला आठवड्यातून चार तास निघाले तरी पुष्कळ. तेवढ्या वेळात खेळ सुधारतो. पण तो वेळ कशात जातो, यावर सगळं अवलंबून आहे. ज्याला नियम नीट येतात, जो घरात आणि मित्रांत बऱ्यापैकी जिंकतो, पण मोबाईलवर वर्षभर त्याच रेटिंगभोवती (खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याभोवती) फिरतो आहे, त्याच्यासाठी ही तुलना आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. या पातळीवर डाव ठरतो तो फुकट गेलेल्या मोहऱ्यावर. डावपेच उंच असण्याचा इथं फारसा संबंध नसतो. घोडा-उंट तीन प्याद्यांच्या मोलाचे, हत्ती पाचाचा, वजीर नवाचा. आपले हरलेले दहा डाव काढून पाहिले, तर बहुतेकांत कुठं तरी एक अख्खं मोहरं काही न मिळता गेलेलं दिसेल. म्हणून प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: यानं माझं मोहरं फुकट जाणं कमी होईल का?

झटपट डाव की सावकाश डाव

हिशोब सोपा आहे. तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढ असा डाव ४० चाली चालला, तर एका खेळाडूला २६० सेकंद मिळतात, म्हणजे चालीमागे साडेसहा सेकंद. पंधरा मिनिटं आणि दहा सेकंद वाढ असेल, तर तेवढ्याच चालींना १३०० सेकंद, म्हणजे चालीमागे बत्तीस. पूर्ण डावाला पहिल्या प्रकारात नऊएक मिनिटं लागतात, दुसऱ्यात त्रेचाळीस. एका सावकाश डावाच्या वेळेत पाच झटपट डाव होतात, आणि हात तिकडं वळतो तो इथंच.

साडेसहा सेकंदांत माणूस नवं काही शोधत नाही. सवयीनं जे सुचतं तेच खेळतो. सवयच चुकीची असेल, तर पाच डावांत ती पाचदा घोटली जाते. बत्तीस सेकंदांत मात्र समोरच्यानं चाल केल्यावर तीन गोष्टी तपासता येतात: तो मला कुठला शह देऊ शकतो, काय मारू शकतो, कशाला धमकी देतोय. मग आपली चाल ठरवायची आणि बोट लावण्याआधी तेच तीन प्रश्न परत विचारायचे. सुरुवातीला हे फार जड जातं, पंधराव्या चालीपर्यंत डोकं शिणतं. साधारण वीस डावांनंतर ते अंगवळणी पडू लागतं.

झटपट डाव टाकाऊ नाहीत. एखादी नवी सुरुवात हाताखाली घालून बघायला ते बरे. पण ज्याला सुधारायचं आहे त्यानं ते जेवणानंतरच्या बडीशेपेसारखे ठेवावेत. दहा मिनिटांचा बिनवाढीचा डाव मधला आहे, चालीमागे पंधरा सेकंद. वेळ फारच कमी असेल तर तो चालेल, पण शेवटच्या दोन मिनिटांत जिंकलेला डाव घड्याळावर जातो आणि त्यातून शिकायला काही उरत नाही. वाढ असलेला डावच निवडा.

कोडी की सुरुवातीच्या चाली

इथं आमचं मत ठाम आहे: कोडी, म्हणजे पटावर तयार स्थिती देऊन नेमकी चाल शोधायला लावणारे प्रश्न. सुरुवातीच्या चालींचे व्हिडिओ बघायला गोड वाटतात, काही तरी शिकल्याचं समाधान मिळतं. पण समोरचा पाठातली चौथी-पाचवी चाल खेळतच नाही, आणि तिथून पुढं पाठांतर संपतं.

कोड्यांतून डोळ्यांना आकृत्या ओळखता येतात. (घरांची नावं अशी: उभ्या ओळी पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८.) सी७ वर बसून ई८ च्या राजाला शह देत ए८ च्या हत्तीवर डोळा ठेवणारा घोडा. जी८ वर राजा, पुढं एफ७, जी७, एच७ ही तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत आणि आठव्या ओळीत हत्ती शिरला की मात. (यावर एच६ अशी एक चाल वेळेत करून राजाला खिडकी उघडून द्यायची.) अशा आकृत्या शे-दोनशे वेळा बघितल्या की डावात त्या आपोआप दिसतात.

कोडी सोडवताना चूक होते ती घाईची. पहिली चाल बरी दिसली की बोट टेकवायचं आणि चुकलं की पुढचं कोडं. हा नशिबाचा खेळ झाला. शेवटपर्यंतच्या चाली मनात दिसल्याशिवाय पहिली चाल करू नका. पंधरा मिनिटांत आठ कोडी झाली तरी हरकत नाही. चुकलेली वेगळी ठेवा आणि आठवड्यानं पुन्हा सोडवा. दहापैकी सात-आठ बरोबर येत असतील तर पातळी योग्य आहे. दहाच्या दहा येत असतील तर अवघड घ्या.

कोड्यांची एक मर्यादा मात्र खरी आहे. ‘इथं काहीतरी आहे’ हे कोडं आधीच सांगतं. डावात तसं कुणी सांगत नाही. म्हणून नुसती कोडी सोडवणाऱ्याचा कोड्यांचा आकडा वर जातो आणि डावांचा तिथंच राहतो. कोड्यांना सावकाश डावांची जोड लागतेच.

सुरुवातीसाठी एवढं पुरे: पांढऱ्याकडून एक रचना, काळ्याकडून ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५. पांढऱ्याकडून निवड दोघींत करावी. इटालियन म्हणजे ई४, घोडा एफ३, उंट सी४, मग सी३, डी३ आणि किल्लेकोट. मोहरी लवकर बाहेर येतात, मारामारी होते, आकृत्या ओळखायचा सराव होतो. लंडन म्हणजे डी४, उंट एफ४, ई३, घोडा एफ३, सी३. जवळपास कुणाहीविरुद्ध हीच मांडणी चालते, पाठांतर कमी. पण तिथली खोड अशी की माणूस समोर न बघता मांडणी करत राहतो. काळा लवकर सी५ खेळतो आणि वजीर बी६ वर आणून बी२ चं प्यादं उचलतो, कारण त्याला राखणारा उंट एफ४ ला निघून गेलेला असतो. ज्याला सुधारायचं आहे त्यानं इटालियन घ्यावं असं आम्हाला वाटतं. वेळ खरोखरच नसेल, तर लंडनही चालेल.

दोन सापळे मात्र आधीच माहीत हवेत. पहिला, चार चालींची मात: पांढऱ्याचा वजीर एच५ वर, उंट सी४ वर, निशाणा एफ७. काळ्यानं आधी घोडा सी६ आणून ई५ राखायचं, उंट आला की जी६, वजीर एफ३ ला सरकला की घोडा एफ६. जी६ च्या जागी घाईनं वजिरावर घोडा एफ६ टाकला तर पुढच्याच चालीला मात. दुसरा सापळा इटालियनमधला: काळ्यानं घोडा एफ६ केल्यावर पांढरा घोडा जी५ वर उडी मारतो. काळ्यानं डी५ खेळायचं, प्याद्यानं प्यादं मारलं की ते घोड्यानं परत मारायचं नाही. मारलं तर पांढरा एफ७ वर घोडा देऊन राजाला मैदानात ओढतो. तिथं घोडा ए५ ही बरोबर चाल.

स्वतः तपासणं, इंजिन की कोच

खेळलेला डाव तपासला नाही तर त्याची अर्धी किंमत वाया जाते. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, फुकट आहे, चुकत नाही, पण कारण सांगत नाही. डाव संपताच इंजिन लावलं की लाल खुणा दिसतात, आपण ‘अच्छा’ म्हणतो आणि पुढचा डाव सुरू करतो. क्रम उलटा ठेवा. आधी इंजिनशिवाय डाव पुन्हा चालवा, जिथं गोंधळलात त्या तीन जागा वहीत लिहा, तिथं काय विचार केला होता तेही लिहा. मगच इंजिन लावा. इंजिनचा आकडा (कुणाची बाजू किती वरचढ, हे प्याद्यांच्या मापात) ०.३ नं हलला तर सोडून द्या, त्याचा अर्थ ग्रँडमास्तरांना उपयोगी. २ किंवा जास्त हलला असेल तिथंच थांबा. एका ओळीत कारण लिहा: ‘उंटानं बांधलेला (हलला तर मागचं मोहरं जाईल असा) घोडा हलवला’, ‘समोरची धमकी पाहिलीच नाही’. पंधरा डावांनंतर वही वाचली की एकच कारण पुन्हा पुन्हा दिसतं. तोच तुमचा अभ्यासक्रम.

कोच नेमकं तेच करतो, आणि लवकर करतो. पण हौशी मोठ्या माणसाला आठवड्याला दोन क्लास लागत नाहीत. महिन्यातून एकदा, आपले पाच हरलेले डाव घेऊन बसावं. नेमण्याआधी एक परीक्षा घ्या: तुमचे डाव बघायची त्याची तयारी आहे का? सगळ्यांना चालणारा ठरलेला पाठ तो काढणार असेल, तर त्यापेक्षा कोडी बरी. मुलांचं वेगळं. दहा-बारा वर्षांचं मूल स्पर्धा खेळायला लागलं असेल, तर नियमित कोच हवाच, कारण वही लिहिण्याची शिस्त त्या वयात एकट्यानं टिकत नाही.

कुठलं अ‍ॅप

लिचेसवर सगळं मोफत आहे: हवी तेवढी कोडी, पूर्ण तपासणी, जाहिरात नाही. तपासणीनंतर आपल्याच चुकांची कोडी करून देणारी सोयही आहे. चेस डॉट कॉमवर माणसं जास्त, धडे नीट रचलेले, पण मोफत खात्यावर कोड्यांना आणि तपासणीला रोजची मर्यादा. पैसे न भरता शिकायचं तर लिचेस. मुलाला टप्प्याटप्प्यानं धडे हवे असतील तर दुसरं. लिचेसचं अ‍ॅप काही कोडी आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळं नंदुरबारहून दोंडाईचा-अमळनेरमार्गे जळगावला येताना मधे रेंज गेली तरी सराव थांबत नाही.

दोन्हीकडचे रेटिंग एकमेकांशी जुळवू नका. लिचेस नव्या माणसाला १५०० वर बसवतं आणि खालच्या पातळीवर तिथले आकडे चढेच दिसतात.

ओट्यावरचा पट

मे महिन्यात ऊन ४५ ला टेकलं की दुपारी बाहेर पडायची सोय नसते आणि सावलीच्या ओट्यावर पट मांडला जातो. त्यात फायदा मोठा आहे: डोळे खऱ्या मोहऱ्यांना सरावतात. फक्त मोबाईलवर खेळलेल्या माणसाला लाकडी पटावर लांबून येणारा उंट दिसत नाही. तोटा असा की समोर तोच नाना, तोच आप्पा, चाल परत घेणं चालतं आणि मागून ‘घोडा काढ ना भो!’ असा सल्ला येतो. दोन अटी घाला: हात लावलेलं मोहरं चालवायचं, आणि बघणाऱ्यानं बोलायचं नाही.

जुनी माणसं कधी देशी नियमानं खेळतात: प्यादं पहिल्या वेळीही एकच घर, किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल, आणि प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचं मोहरं. खेळ सुंदर आहे, पण सराव म्हणून आंतरराष्ट्रीय नियमच ठरवून बसा. नाही तर पटाचं मध्य प्याद्यांनी धरण्याची सवय बिघडते.

पट घेताना घर ५ ते ६ सेंटिमीटर आणि राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच बघा. स्पर्धेचा मापही तोच. गुंडाळायचा पट आणि प्लास्टिकची मोहरी पुरतात, नक्षीकाम नको.

चार तासांची वाटणी

दोन सावकाश डाव, दीड तास. प्रत्येक डावाची तपासणी वीस मिनिटं. पाच दिवस पंधरा-पंधरा मिनिटं कोडी. उरलेली पस्तीस मिनिटं शेवटच्या खेळाला (पटावर थोडीच मोहरी उरल्यावरच्या खेळाला), आणि कंटाळा आला की त्यातली दहा सुरुवातीला. आठवड्याला एकच तास असेल, तर एक डाव आणि त्याची तपासणी. बाकी सगळं सोडा.

शेवटच्या खेळात आधी दोन हत्तींची जिन्यासारखी मात, मग एका वजिराची. वजिराची मात करताना वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीइतका दूर ठेवून त्याला कडेला ढकलतात. ही युक्ती कोपऱ्यात दगा देते. राजा एच८ वर आणि वजीर जी६ किंवा एफ७ वर आला, शह नसला, तर स्टेलमेट (शह नाही, पण करायला चालही नाही) आणि जिंकलेला डाव बरोबरीत. राजा कडेला गेला की थांबा, त्याला हलायला दोन घरं ठेवा, आपला राजा जवळ आणा. मग राजा आणि एक प्यादं: आपला राजा सहाव्या ओळीत आणि प्यादं त्याच्या मागे पाचव्यात, तर चाल कुणाचीही असो, डाव जिंकता येतो. अपवाद ए आणि एच या कडेच्या उभ्या ओळींचा. तिथं समोरचा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरी.

स्पर्धा खेळावी का

वर्षातून एक तरी. जळगावात जैन स्पोर्ट्स अकॅडमीमुळं स्पर्धांची सवय शहराला आहे. धुळे-नंदुरबारहून रविवारच्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेला जाऊन परत येता येतं. रॅपिडमध्ये चाली लिहाव्या लागत नाहीत, क्लासिकलमध्ये (लांब वेळाच्या डावांत) लागतात. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग हवं असेल तर रेटिंग असलेल्यांविरुद्ध किमान पाच डाव लागतात, आणि मार्च २०२४ पासून १४०० च्या खाली रेटिंगच नाही. म्हणून ते ध्येय दोन वर्षांपुढचं ठेवा. फिडे स्पर्धेसाठी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी आधी करून घ्या.

पहिल्या स्पर्धेत नवखे डाव हरतात ते बहुतेक नियमांवर. मोबाईल खिशात सापडला तरी डाव जाऊ शकतो, तो घरच्या माणसाकडे द्या. नियमबाह्य चाल केली तर पहिल्यांदा समोरच्याला दोन मिनिटं जास्त, दुसऱ्यांदा डाव गेला. आणि किल्लेकोट करताना एकाच हातानं आधी राजा दोन घरं न्यायचा, मग हत्ती. आधी हत्तीला हात लावला, तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीला होत नाही, हत्तीच चालवावा लागतो, आणि हत्ती हलला की त्या बाजूचा हक्कही कायमचा संपतो. घरच्या पटावर आजपासून राजाच आधी उचला.