‘लायसन्स नको, पासिंग नको’ : बॅटरी स्कूटरचा आठ महिन्यांचा अनुभव

मुलगी अकरावीला गेली आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेतून राजारामपुरीतील शिकवणीला तिची रोज ने-आण करणे मला जमेना, म्हणून गेल्या जूनमध्ये ‘लायसन्स नको, पासिंग नको’ अशी पाटी पाहून कमी वेगाची बॅटरी स्कूटर घेतली. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. रोजच्या जाण्यायेण्याला दोन दिवसांतून एकदा चार्जिंग पुरते. टेंबलाईच्या चढावर मात्र ती फारच मंदावते.

अडचण पहिल्या सर्व्हिसिंगनंतर आली. गाडी आता छान पळते, असे मुलगी सांगू लागली, तेव्हा मी स्वतः रंकाळ्याच्या कडेने चालवून पाहिली, तर वेगाचा काटा ताशी 35 किलोमीटरच्या पुढे गेला. सीट उचलून पाहिले, तेव्हा कंट्रोलरजवळची (मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणाऱ्या डबीजवळची) वेग मर्यादेत ठेवणारी एक बारीक वायर कापून तिच्या दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. कारागिराला विचारले, तर तो म्हणाला, “ताई, सगळेच काढून घेतात, त्याला काय होतंय?”

त्याला पुष्कळ होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत असेल, ब्रेक व रिफ्लेक्टर योग्य असतील आणि हे सारे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित केले असेल, तरच अशी दुचाकी ‘मोटार वाहन’ ठरत नाही. सवलत या अटींना आहे, पाटीला नाही. वायर तुटली की गाडीला नोंदणी, विमा आणि चालकाला परवाना लागतो. सोळाव्या वर्षी पालकांच्या लेखी संमतीने परवाना मिळतो हे खरे, पण तो 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीपुरता. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे दुकानात मला कोणी सांगितले नव्हते, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी समोर उभी राहून वायर जोडून घेतली, चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागून डिकीत ठेवली. हेल्मेट मुलगी घालतेच. काटा आता 24 च्या वर जात नाही, त्यामुळे तिला दहा मिनिटे लवकर निघावे लागते, आणि ती निघते.