वॉर्ड, समिती की स्वतःची संस्था: बदल घडवू पाहणाऱ्या डॉक्टरने कुठे हात घालावा?

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरसमोर तीन वाटा असतात. उदाहरण एकच घेऊ: जन्मानंतर गार पडणारी बाळं.

वॉर्डात सुरुवात स्वस्त पडते. एक डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, एक इंटर्न आणि मावशी एवढी माणसं पुरतात. जन्मानंतर तासाभराने बाळाचं काखेतलं तापमान घ्यायचं, ३६.५ अंश सेल्सिअसखाली किती बाळं गेली, ते दर सोमवारी तक्त्यावर मांडायचं. मग एकाच पाळीत, दहा बाळांवर बदल करून बघायचा: लगेच कोरडं पुसणं, ओलं फडकं बाजूला, टोपी, आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवणं, वजन नंतर. घोडं अडतं ते नव्या रजिस्टरपाशी. सिस्टरांचं लिखाण दुप्पट झालं की रकाने कोरे राहतात, नाहीतर सगळ्या बाळांचं तापमान ३६.८ निघतं! चालू प्रसूती रजिस्टरातच एक रकाना आखा.

सिझेरियनची बाळं मात्र टोपीने सावरत नाहीत. प्रसूतीची खोली किमान २५ अंश हवी, आणि गाऊन घातलेल्या सर्जनला एसी २० वर हवा असतो. हे भांडण एकट्याने अंगावर घेऊ नये; इथे रुग्णालयाची समिती लागते. प्रसूतिसेवेचा दर्जा सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृह आणि प्रसूतीचं ऑपरेशन थिएटर दोन्ही येतात, तेव्हा तक्ता त्यालाच जोडून मांडा. ठरावात जबाबदार पद आणि तारीख नसेल, तर अधीक्षकांची बदली झाली की विषय संपला. सर्वात जास्त दमवणारी वाट हीच.

संस्थेचा पल्ला फार लांबचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ मध्ये ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास सुरू केला; आशा सेविकांमार्फत ती देशभर जायला २०११ उजाडलं. पगारी चमू आणि काही वर्षांचा निधी हाताशी नसेल, तर राजीनामा देऊ नका.

बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटना आजार मानत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम मानते: थकवा, कामाबद्दल तुटलेपणा, ‘माझ्याने काही होत नाही’ ही भावना. वॉर्डातला उतरता तक्ता या तिसऱ्या गोष्टीवर चांगला उतारा आहे, थकव्यावर नाही. थकव्यासाठी, काम हाती घेण्याआधी एक ड्युटी, समजा शिबिराची, लेखी कमी करून घ्या आणि तक्ता भरणारा दुसरा माणूस तयार ठेवा.

बॉन्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, वर्षभरासाठी आला असाल तर वॉर्डच धरा. कायम पदावर असाल तर सहा महिन्यांचा तक्ता हातात घेऊन समितीत जा. अधीक्षक एकही ड्युटी कमी करायला तयार नसतील, तर यंदा फक्त तो रकाना आखा, बाकी काही नको.