थर्ड एसी इकॉनॉमी: झोपेला उत्तम, खिडकीला बेताचा

गेल्या पावसाळ्यापासून लांबच्या गाडीला मिळेल तिथे मी थर्ड एसी इकॉनॉमीचंच तिकीट काढते आहे. तिकिटावर वर्ग ३ई आणि डब्यावर एम-१, एम-२ असे नंबर. कोकणातून केरळ, कल्याणहून नागपूर-रायपूर करत हावडा, पुण्याहून सोलापूर-वाडीमार्गे चेन्नई असे मार्ग झाले, सगळे एकटीने. कामधंद्यासाठी नव्हे. मला गाडीत बसायला आवडतं, एवढंच कारण. रात्री चढून सकाळी उतरणाऱ्या माणसाला डब्याकडून फक्त झोप हवी असते. मला दीड-दोन दिवस त्याच डब्यात काढायचे असतात आणि त्यातला जागेपणीचा सगळा वेळ बाहेर बघण्यात घालवायचा असतो. म्हणून माझं मत जरा वेगळं पडेल.

हा डबा २०२१ साली कपूरथळ्याच्या रेल कोच फॅक्टरीतून आला. एलएचबी या नव्या बनावटीच्या नेहमीच्या थर्ड एसीत ७२ बर्थ असतात, यात सुरुवातीला ८३ बसवले. डब्याची लांबी तेवढीच. मग ११ बर्थांची जागा आली कुठून? काही विजेच्या पॅनेलमुळे मिळाली. डब्याच्या आत जागा अडवणारी ती कपाटं खाली, सांगाड्याच्या पोटाशी नेली. बाकीची आपल्या गुडघ्यांतून काढली.

गुडघ्यांचं अगदी खरं आहे. समोरासमोरच्या लोअर बर्थांमधलं अंतर नेहमीच्या थर्ड एसीपेक्षा कमी आहे आणि दोन्ही बाजूंना तिघंतिघं बसली की ते लगेच जाणवतं. माझी उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे माझं निभावतं. चेन्नईच्या वाटेवर समोर एक धिप्पाड काका होते, ते सोलापूरपर्यंत पाय कुठे ठेवायचे याच विवंचनेत होते. शेवटी चप्पल काढून वर मांडी घालून बसले आणि मग खुशीत आले. घरात उंच माणसं असतील तर दिवसाच्या प्रवासाला हा डबा घेऊ नका, असं मी सरळ सांगेन. रात्रीला हरकत नाही, कारण आडवं झाल्यावर हे अंतर कुणाच्या लक्षातही येत नाही.

गरीब रथ ज्यांनी सोसला आहे त्यांचा पहिला प्रश्न असतो, यात साइड मिडल आहे का? नाही. साइडला दोनच बर्थ, लोअर आणि अप्पर.

एकट्या माणसाने कुठला बर्थ घ्यावा यावर माझं मत या महिन्यांत बदललं. आधी मी डोळे मिटून लोअर मागायचे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला शिल्लक असेल तर लोअर आपोआपच मिळतो, त्यामुळे मागावाही लागत नाही. पण लोअर म्हणजे रात्री दहापर्यंत आपल्या अंथरुणावर अख्खं कुटुंब. त्यांचा डबा उघडणार, ठेपले निघणार, आपल्यालाही आग्रह होणार. हे सगळं मला आवडतं, फक्त खिडकी त्यांच्या लहान मुलाकडे जाते आणि मुलाला उठवायला जीव होत नाही. आता मी साइड लोअर घेते. दिवसा दोन खुर्च्या, समोर फार तर एक माणूस, आणि हाताशी पूर्ण खिडकी. आरएसीमध्ये, म्हणजे अर्धवट पक्क्या तिकिटावर, हाच बर्थ दोघांत वाटून मिळतो, मग मात्र रात्र बसून काढायची तयारी ठेवावी.

साइड लोअर घेतला तरी खिडकी कुठल्या बाजूला येईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. डबा गाडीला कुठल्या तोंडाने जोडला आहे त्यावर ते ठरतं. कोकणात जाताना समुद्राकडची बाजू हवी म्हणून एक विशिष्ट नंबर हेरून ठेवणारे लोक मला भेटतात. मी त्यांना काही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बर्थ शक्यतो डब्याच्या मधला असावा. दोन्ही टोकांना चाकांच्या बोगी येतात, छतावरची एसीची यंत्रंही टोकांनाच असतात, शिवाय दाराची रात्रभर उघडझाप. मधल्या भागात हादरे कमी, आवाज कमी. तिकीट काढताना आपल्याला नंबर निवडता येत नाही, तेव्हा हे नशिबावरच. पण चार्ट झाल्यावर कुणी "आमची माणसं एकत्र बसतील, तुम्ही दाराजवळ जाता का ताई?" असं विचारलं, तर काय सोडतो आहोत हे माहीत असावं.

आता डब्याच्या जमेची बाजू. प्रत्येक बर्थला हवेची स्वतंत्र झडप आहे, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नेहमीच्या थर्ड एसीत अप्परवाला गारठलेला आणि लोअरवाला घामेजलेला असा तंटा कायम असतो. इथे आपली झडप फिरवली की विषय संपला. प्रत्येकाला वाचायचा दिवा, मोबाइल चार्ज करायला यूएसबी, बाटली आणि फोन ठेवायला जागा. वर चढायची शिडी तर खरोखर विचार करून केलेली आहे. जुन्या डब्यांतल्या त्या निमुळत्या लोखंडी पायऱ्यांवर रात्री अंधारात पाय चाचपडत उतरणं माझ्या वयाला आता नको वाटतं. मात्र या सगळ्या फिटिंगचा टिकाऊपणा डब्यागणिक वेगळा. एका गाडीत यूएसबीला हात लावला की चार्जिंग सुरू आणि हात काढला की बंद, असा रायपूरपर्यंत खेळ चालला. साधा तीन पिनांचा प्लग जवळपास असतोच, त्यामुळे घरचा चार्जर घेऊन जावं आणि यूएसबीच्या भरवशावर राहू नये.

चादर-उशीचा घोळ आता मिटला आहे. सुरुवातीला या वर्गात बिछाना मिळतच नसे. २०२२ मध्ये द्यायचं ठरलं तेव्हा ठेवायला जागा नव्हती, म्हणून ८१, ८२, ८३ हे बर्थ त्या गठ्ठ्यांसाठी मोकळे ठेवायला लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा वर्ग थर्ड एसीतच मिसळून टाकला, मार्च २०२३ मध्ये पुन्हा वेगळा केला आणि भाडं परत कमी झालं. आज फरक साधारण सहा-सात टक्क्यांचा. एवढ्यासाठी कुणी श्रीमंत होत नाही, पण माझ्यासारखं वरचेवर जाणाऱ्याला पुढच्या प्रवासाचं जेवण निघतं.

आता खिडकीविषयी.

एसीची काच बंद, गडद आणि दुहेरी. दोन काचांच्या मध्ये ओल शिरली की आतून धुकं धरतं आणि ते कुठल्याही फडक्याने निघत नाही. बाहेरचा थर मात्र निघतो. मी पिशवीत एक जुना सुती पंचा आणि पाण्याची छोटी बाटली ठेवते. सुरुवातीच्या स्टेशनवर गाडी आधी लागते, तेव्हा फलाटावरूनच आपल्या खिडकीची काच पुसून घ्यायची. लोक बघतात. बघू देत. फोटो काढायचा असेल तर फोन काचेला चिकटवून धरायचा आणि आपला वाचायचा दिवा बंद करायचा, नाहीतर सह्याद्रीच्या जागी आपलाच चेहरा येतो.

काचेआडून वेगाचा हिशेब उत्तम होतो. विजेच्या खांबांवर किलोमीटरचा आकडा आणि त्याखाली खांबाचा क्रमांक असतो. वरचा आकडा बदलला की घड्याळ बघायचं आणि पुन्हा बदलेपर्यंत सेकंद मोजायचे. ३६ सेकंद आले तर ताशी १०० किलोमीटर, ३० आले तर १२०. विदर्भातून छत्तीसगडकडे जाताना सपाटीवर हा खेळ तासन्‌तास चालतो. फाटकाआधी चालकाला शिटी वाजवायला सांगणारी पिवळी "सी/फा" पाटी, दोन पिवळे दिवे दाखवणारा सिग्नल, बाजूच्या लूप लाइनला थांबलेल्या मालगाडीचं इंजिन कुठल्या शेडचं, अजनीचं की भुसावळचं, हे सगळं बंद काचेतूनही नीट दिसतं. याबाबतीत माझी तक्रार नाही.

तक्रार आवाजाची आणि वासाची आहे. मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याला थांबते, मागून ढकलणारी जादा, म्हणजे बँकर इंजिनं लागतात आणि ३७ फुटांना एक फूट अशा चढावर गाडी इगतपुरीकडे ढकलली जाते. स्लीपरमध्ये ते ऐकू येतं. पुढच्या इंजिनाचा हॉर्न, मागच्याचं उत्तर, बोगद्यात शिरताच डब्यावर आदळणारा तो आवाज. ३ईमध्ये एवढंच कळतं की गाडी हळू झाली आहे. कर्जत ते लोणावळा हीच गत. १८६३ साली खुला झालेला बोरघाट आपण फ्रिजमध्ये बसून पार करतो.

कोकण रेल्वेवर तर हे फारच खटकलं. रोहा सोडल्यावर पावसात ओल्या जांभ्याचा वास, गवताचा वास, आणि दर थोड्या वेळाने बोगदा. ९० हून अधिक बोगदे आहेत त्या मार्गावर. उक्षी सोडल्यावर साडेसहा किलोमीटरचा करबुडे येतो. उघड्या खिडकीपाशी बसलं की आत शिरताच हवा एकदम गार होते, कानात दडा बसतो, आणि बाहेर पडताना उजेडाआधी पावसाचा आवाज येतो. बंद डब्यात करबुडे म्हणजे काचेवरचा काळोख आणि मोबाइलची गेलेली रेंज. गाडी कुठे आहे हे दाखवणारं अ‍ॅपही तिथे गप्प होतं. रत्नागिरीच्या पुढचा पानवल नदीचा पूल मात्र काचेतूनही अंगावर येतो. खाली ६४ मीटर मोकळी दरी. तिथे शेजारच्या बर्थवरच्या आजींनी हात जोडले होते.

२०२२ पासून हा सगळा मार्ग विजेवर आहे. डिझेल इंजिन बोगद्यात शिरलं की धूर थेट स्लीपरमध्ये यायचा, डोळे चुरचुरायचे, बायका पदर नाकाला लावायच्या. आता तोही त्रास नाही. म्हणजे उघड्या खिडकीविरुद्धचं सगळ्यात मोठं कारण नेमकं याच काळात संपलं, आणि त्याच काळात आपण सगळे एसीत जाऊन बसलो! मीसुद्धा.

मग मी परत परत ३ईच का काढते? रात्रीसाठी. एकटीने जाताना रात्रीचं गणित वेगळं असतं. स्लीपरमध्ये रिझर्व्हेशन नसलेली माणसं रात्री पायाशी येऊन बसतात, त्यांचीही अडचण असते, पण झोप जाते ती जातेच. एसीत तेवढी ये-जा नसते. सामान मी तरीही बर्थखालच्या कडीला साखळी-कुलपाने अडकवते आणि पैसे, फोन, औषधं असलेली छोटी पिशवी स्वच्छतागृहातही बरोबर नेते. ऐंशी माणसांच्या डब्यात सकाळी सहानंतर तिथे रांग लागते, तेव्हा साडेपाचला उठणं श्रेयस्कर.

"एकट्याच?" हा प्रश्न प्रत्येक गाडीत येतो. "कुणाकडे चाललात?" हा दुसरा. कुणाकडेच नाही, गाडीसाठी चालले आहे, असं म्हटलं की क्षणभर शांतता पसरते आणि मग सहसा चहा मिळतो. एकदा सुटण्याच्या स्टेशनवर आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, दोन महिला कॉन्स्टेबल येऊन माझा बर्थ नंबर लिहून घेऊन गेल्या, अडचण आली तर १३९ वर फोन करा म्हणाल्या, आणि पुढे रात्री एका स्टेशनवर दुसऱ्या कॉन्स्टेबलनी खिडकीवर टकटक करून विचारपूस केली. "मेरी सहेली" नावाची ही योजना २०२० पासून देशभर आहे. त्या टकटकीने मी दचकले होते, पण बरं वाटलं.

जेवणाबद्दल थोडक्यात. पँट्रीचं जेवण डब्याचा वर्ग बघून बदलत नाही. कर्जतचा वडा, केरळातल्या शोरनूरची पळमपोरी म्हणजे केळ्याची भजी अशा गोष्टींसाठी फलाटावर उतरावं लागतं, आणि एसीच्या डब्यातून विक्रेत्याला हाक मारता येत नाही, हा खिडकीचाच आणखी एक तोटा.

आता मी जे करते ते सांगते. एकाच गाडीची दोन तिकिटं. कोकणात जाणारी गाडी दुपारची असेल तर मुंबईहून मडगावपर्यंत स्लीपर, मडगावच्या पुढे ३ई. उजेड असेपर्यंत उघड्या खिडकीशी बसायचं, कोकण बघून घ्यायचं, आणि अंधार पडल्यावर सॅक उचलून एम डब्यात जाऊन झोपायचं. यात दोन अडचणी आहेत. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, त्यामुळे दोन तुकड्यांचं भाडं सलग तिकिटापेक्षा जास्त पडतं. आणि मधल्या स्टेशनपासूनच्या तिकिटाला कोटा तुटपुंजा, वेटिंग लवकर लागतं आणि सुटायला वेळ लागतो. म्हणून ६० दिवस आधी बुकिंग उघडतं त्या सकाळी मी आधी मडगावपुढचं ३ई काढते. ते कन्फर्म झालं तरच स्लीपरचं. उन्हाळ्यात एप्रिल-मेला हे जमत नाही, गणपतीत तर विचारूच नका. जुलै ते सप्टेंबर, गणपतीचे दिवस सोडून, बहुतेक वेळा जमतं. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा बदललेल्या असतात, त्या तेवढ्या तपासून घ्याव्यात, नाहीतर ज्या उजेडासाठी स्लीपर काढलं तोच रत्नागिरीच्या आत संपतो.