शटर वर जाण्याआधीची वेळ : अपाची कॅमलचे स्टार्टअप कॉलबॅक, आठ महिने वापरल्यावर

अपाची कॅमल ही एका प्रणालीतून दुसरीकडे संदेश नेणारी जावा लायब्ररी. तिचं सगळं काम 'कॉन्टेक्स्ट' नावाच्या एका पेटीत चालतं, आणि ती सुरू होताना आपण लिहिलेल्या काही मेथड ती स्वतःच बोलावते, तेच कॉलबॅक. त्यातलं 'कॉन्टेक्स्ट स्टार्टेड' हे नाव वाचलं की वाटतं, झालं, सगळं चालू झालं. मलाही तसंच वाटलं आणि पहिल्याच आठवड्यात आपटलो.

आमचं काम तसं साधं. रांगेतून ऑर्डर उचलायची, दरपत्रक बघून रक्कम लावायची, पुढे ढकलायची. दरपत्रक डेटाबेसमधून एकदाच मेमरीत घ्यायचं. 'सगळं उभं राहिल्यावर भरू' म्हणून मी ते ऑन-कॅमल-कॉन्टेक्स्ट-फुली-स्टार्टेड या कॉलबॅकमध्ये टाकलं. माझ्या लॅपटॉपवर रांग कायम रिकामी, त्यामुळे अडचण कसली दिसणार! प्रॉडक्शनला मात्र रात्रभरच्या ऑर्डरी साचलेल्या होत्या. माझ्या कॉलबॅकची पाळी येईपर्यंत कन्झ्युमरनी, म्हणजे रांगेतून संदेश उचलणाऱ्या भागांनी, तीसेक ऑर्डरी ओढल्या. दरच सापडेनात, म्हणून सगळ्या डेड लेटर रांगेत, म्हणजे फसलेले संदेश जिथे जातात तिथे. दुपारपर्यंत त्या हाताने परत टाकत बसलो.

मग एकदाचा क्रम समजून घेतला. कॅमल आधी रूट (संदेशाचे ठरलेले मार्ग) तयार करतं, मग स्टार्टअपची खबर घेणाऱ्या स्टार्टअप-लिसनरचं ऑन-कॅमल-कॉन्टेक्स्ट-स्टार्टेड बोलावतं आणि त्यानंतर कन्झ्युमर सुरू करतं. दुकानदार शटर अर्धं वर करून आत शिरतो, झाडलोट करतो, काटा शून्यावर आणतो. गिऱ्हाईक अजून बाहेरच. दरपत्रक भरायचं ते याच वेळी. दुरुस्ती काय केली, तर मेथडचं नाव बदललं. तेव्हापासून या कारणाने एकही ऑर्डर पडलेली नाही.

या मेथडला एक बूलियनही (ट्रू किंवा फॉल्स) मिळतं, ऑलरेडी-स्टार्टेड. चार महिने मी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे नवा ग्राहक आला की चालू कॉन्टेक्स्टमध्येच रूट जोडायला लागलो, आणि लॉगमध्ये 'दरपत्रक भरले' ही ओळ दिवसातून पाच-पाच वेळा दिसू लागली. आधी वाटलं, कुणीतरी सर्व्हिस रीस्टार्ट करतंय. तसं नव्हतं. नवा रूट सुरू होताना नोंदलेले लिसनर पुन्हा बोलावले जातात, फक्त तेव्हा ते बूलियन ट्रू असतं. आता पहिल्याच ओळीत तपासतो आणि ट्रू असेल तर परत फिरतो.

खटकणारी गोष्ट म्हणजे कॉलबॅक संपेपर्यंत स्टार्टअप तिथेच थांबतो. आमचं दरपत्रक फुगत गेलं, भरायला चाळीसेक सेकंद लागू लागले. आमचे कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसचा लाइव्हनेस प्रोब, म्हणजे सर्व्हिस जिवंत आहे का ही तपासणी, मूळ सेटिंगवरच सोडला तर दर 10 सेकंदांनी विचारतो आणि 3 वेळा उत्तर आलं नाही की कंटेनर मारतो. मारला, उठला, भरायला लागला, पुन्हा मारला. सर्व्हिस उठेपर्यंत ही तपासणी रोखून धरणारा वेगळा स्टार्टअप प्रोब लावला तेव्हा हे चक्र थांबलं. दोष कॅमलचा नाही, पण तिथे जड काम टाकणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

रूटांचा आपसातला क्रम लावायला स्टार्टअप-ऑर्डर आहे. आकडे 1000 च्या आत ठेवायचे, दोन रूटांना एकच आकडा द्यायचा नाही. बंद होताना क्रम आपोआप उलटा होतो. यात मला कधी त्रास झाला नाही.

टीममध्ये एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. डेटाबेस बंद असेल तर मी कॉलबॅकमधून एक्सेप्शन फेकतो आणि कॉन्टेक्स्ट उठतच नाही. आमच्या सीनियर मॅडम म्हणतात, कालचे दर घेऊन उठू दे. मी अजून तरी फेकतोच आहे.